बरकत तोंडाने सांगायला शिकवणारे इस्माईल मास्तर

इस्माईल मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या खानावळीच्या दारात, आणि पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. दुबईच्या देऱ्यात तेव्हा आमच्या बाजूला वीज आलेली नव्हती. खाडीवर पूल नव्हता, पलीकडच्या काठाला, बर दुबईला जायचं तर अब्रात, म्हणजे होडीत बसायचं. माझी खानावळ खजुराच्या झावळ्यांच्या खोपीत होती. बंदरावर काम करणारी आपली रत्नागिरीकडची माणसं दुपारी यायची, तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण जेवून जायची. मास्तर बोटकंपनीच्या गोदामात कारकून म्हणून नुकतेच आले होते. अंगात पांढरा शर्ट, डोक्यावर काळी टोपी आणि काखेत छत्री. ह्या मुलखात वर्षाला चार थेंब पडत नाहीत आणि हे छत्री घेऊन आलेले. मी मनात म्हटलं, झालं, आणखी एक शहाणे उतरले बोटीतून.

जेवून हात धुता धुता त्यांनी विचारलं, "भाबी, खानावळ कशी चालते?"

"कसली चालते! चूल पेटते इतकंच. अल्लाचं शुकर."

"मला बसायला जागा मिळाली नाही. उभ्याने जेवलो."

"मग उद्या येऊ नका."

"उद्या येणारच. कालवण चांगलं आहे. पण भाबी, उद्या कंपनीचा साहेब येऊन हेच विचारील. त्यालाही सांगाल, चूल पेटते इतकंच?"

"साहेब माझ्या चुलीशी कशाला येतोय मरायला?"

"येईल," असं म्हणून मास्तर छत्री उघडून उन्हात निघून गेले. मला फार राग आला.

त्याच मास्तरांना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत, आणि बोटकंपनीने त्यांना सांगितलं आहे की ईदनंतरच्या बोटीने घरी जा. नोकरी गेली म्हणजे इथे राहायचा परवाना गेला, राहायची खोली गेली. हे मी आधीच सांगून टाकते. गौरवाच्या अंकात गोड गोड लिहायचं असतं म्हणे. मला ते जमणार नाही. मास्तर इथे राहावेत म्हणून आपण सगळ्यांनी जे केलं आणि त्याचं जे झालं, ते लिहिल्याशिवाय मास्तरांचं मोठेपण मला सांगता येत नाही.

मास्तरांचं काम काय, हे अबुधाबीला किंवा शारजाला असलेल्या सगळ्यांना ठाऊक नसेल. म्हणून आधी आपल्या खोडीबद्दल सांगते.

आपल्यात बरकत तोंडाने सांगत नाहीत. जाळं सुरमईने भरलेलं असलं तरी किनाऱ्यावर कुणी विचारलं तर सांगायचं, "काय नाय रे, दोन पेडवे गावले." पोर गुटगुटीत असलं तर म्हणायचं, "कुठे, बघा ना, हाडं निघालीत." दुकानात पाय ठेवायला जागा नसली तरी दुकानदार म्हणणार, माशा मारतो. आपसात ह्याचा काही त्रास नाही. माशा मारतो म्हटलं की आपल्याला कळतं, चांगलं चाललंय. नजर लागू नये म्हणून झाकून ठेवतो, एवढंच. पण हे इंग्रजाला कोण सांगणार? तो ऐकतो ते खरं धरतो आणि लिहून घेतो.

कासमभाईंचं असंच झालं. खाडीच्या काठाला त्यांची लाँचची इंजिनं दुरुस्त करायची शेड होती. जागा बोटकंपनीची. रात्रंदिवस काम असायचं. बिघडलेलं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. एक दिवस साहेब जागा बघत फिरत आला. मागे फाईल घेऊन मास्तर. साहेबाने विचारलं, ह्या शेडचा काय फायदा? कासमभाईंनी तेलाचे हात जोडले आणि म्हणाले, "नो प्रॉफिट, साहेब. स्मॉल स्मॉल वर्क. अल्ला गिव्ह." त्यांना वाटलं आपण अदबीने बोललो, नजरही लागणार नाही. साहेबाने लिहून घेतलं. थोड्याच दिवसांत शेड मोडली आणि तिथे सिमेंटच्या गोण्या रचल्या. कासमभाई अबुधाबीला गेले. तिथे तेल लागल्यापासून माणसं हवीच होती. इंजिनाचा माणूस वाळूत पाईप उचलायला लागला. अजून उचलतो आहे.

त्या दिवशी मास्तर जेवायला आले आणि भाकरी मोडून तशीच ठेवली.

"कालवण खारट झालंय का?" मी विचारलं.

"नाही भाबी. मी साहेबाच्या मागे उभा होतो. माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यांना शब्द माहीत नव्हता असं नाही. प्रॉफिट म्हणाले की. पण त्याच्या आधी नो लावला."

पुढच्या शुक्रवारी मास्तरांनी वर्ग सुरू केला. तेव्हाच्या साहेबाकडे गोदामाच्या मागची खोली मागितली, ती मिळालीही. तांदळाच्या गोण्यांवर बसायचं. नमाज झाली की माणसं यायची. शिंपी, वॉचमन, लाँचवरचे खलाशी, कापडवाले, आणि बायकांत मी एकटी. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात पाठ करून बसले होते. नंतर म्हटलं, ह्या सगळ्यांना मीच जेवायला वाढते, ह्यांची कसली लाज?

मास्तर दुसरं काही शिकवत नव्हते. हाय-बाय नाही, व्याकरण नाही. फक्त फायद्याचे शब्द. म्हणायचे, पोट ज्यावर चालतं तेवढं आधी शिका. आणि कुठला शब्द कशाला लावायचा हे आपल्या वस्तू घेऊन सांगायचे. "युसफुल म्हणजे हाताला उपयोगी पडतं ते. दोरी, कंदील, माझी छत्री." छत्रीवर सगळे हसायचे. "हसू नका, उन्हाला लागते. प्रॉफिटेबल म्हणजे ज्यातून पैसा सुटतो. बेनिफिशियल म्हणजे अंगाला लागतं, जिवाला लागतं. औषध, झोप, भाबींची पेज. वर्थवाइल म्हणजे केलेले कष्ट फुकट जात नाहीत ते. आणि लुक्रेटिव्ह म्हणजे भरपूर पैसा सुटतो. हा शब्द माहीत असू द्या, पण साहेबापुढे काढू नका. तो लगेच भाडं वाढवील."

शब्द आम्ही पाठ केले. ते काही अवघड नव्हतं. अवघड पुढचं होतं. मास्तर एकेकाला उभं करायचे आणि म्हणायचे, आता स्वतःच्या धंद्याबद्दल मोठ्याने सांगा. माणसं अशी उभी राहायची, जसं काही पोलिसाने पकडलंय. आमच्या शिंप्याने तर कान धरले. "मास्तर, माझ्या तोंडून नको. मशीन मोडेल. नजर लागेल."

मास्तर रागावले नाहीत. ते स्वतःही त्याच गावचे. म्हणाले, "मग आधी माशाल्ला म्हणा. माशाल्ला म्हटलं की नजर लागत नाही, हे तर मान्य? म्हणा आणि पुढे बोला."

आणि गाडी सुटली. "माशाल्ला, माय शॉप इज प्रॉफिटेबल." "माशाल्ला, माय वर्क इज युसफुल." सगळी खोली गोण्यांसकट दणाणायची. माझी मुलगी सबिहा शाळेतून आली की मला ऐकवते, "मम्मी, यू कान्ट से माशाल्ला इन इंग्लिश." हिला काय माहीत! त्या एका शब्दाने इथे किती चुली पेटल्या.

माझीही त्यातलीच. मास्तर म्हणाले होते तसा साहेब खरंच आला. नवीन गोदामाच्या मजुरांना रोज जेवण कोण देईल, हे बघत हिंडत होता. मी पदर सावरून सरळ उभी राहिले आणि म्हटलं, "माशाल्ला. माय मेस इज प्रॉफिटेबल. माय फूड इज बेनिफिशियल." साहेब हसला, बाकावर बसला, नाकातून पाणी येईस्तो कालवण खाल्लं आणि मजुरांचं जेवण मला दिलं. जाताना दारात वळून मला म्हणाला, "माशाल्ला!" त्याला वाटलं असेल, इंग्लिश बोलायच्या आधी असं म्हणायची इथली रीत आहे. झावळ्यांची खोप जाऊन आज सिमेंटचं छप्पर आलंय ते त्या दिवसापासून.

पण मास्तर फुशारकी शिकवत होते असं कुणी समजू नये. एका कापडवाल्याने भिजून कुजलेल्या ठाणांबद्दल वर्गात सांगितलं, "व्हेरी व्हेरी प्रॉफिटेबल." मास्तरांनी त्याला खाली बसवलं. म्हणाले, "बरकत नाही तिथे आहे म्हणणं आणि आहे तिथे नाही म्हणणं, दोन्ही खोटंच. एकाने दुसरा फसतो, एकाने आपण." ह्या वर्गाचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. माझ्याकडच्या भाकरीचेसुद्धा पैसे देऊनच जायचे. रुपया बंद होऊन रियाल आला तेव्हा सगळे घासाघीस करायला लागले. मास्तरांनी कधी केली नाही. मी नको म्हटलं की म्हणायचे, "तुमची मेस प्रॉफिटेबल आहे ना? मग मी तिची बदनामी कशी करू?"

आमच्या घरावर त्यांचा एक उपकार आहे, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. सबिहाच्या अब्बांना विषमज्वर झाला. इस्पितळात होते. औषध चांगलं लागू पडत होतं, ताप उतरत होता. डॉक्टर इंग्रज. त्याने विचारलं, कसं वाटतंय? ह्या माणसाने सांगितलं, "नो गुड. सेम." डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या आणि औषध बदलायला निघाला. मास्तर भेटायला आले होते. त्यांनी डॉक्टरला हात करून थांबवलं आणि पलंगापाशी आले.

"याकूब, काल भात खाल्लात?"

"खाल्ला."

"पोटात राहिला?"

"राहिला."

"रात्री झोप?"

"लागली. मास्तर, हळू बोला ना. नजर लागेल."

"लागली तर माझ्या वाट्याची. आधी खरं सांगा. हा माणूस तुमच्या बोलण्यावर औषध ठरवतोय." आणि डॉक्टरकडे वळून म्हणाले, "द मेडिसिन इज बेनिफिशियल, सर. प्लीज कंटिन्यू." तेच औषध चालू राहिलं आणि माझा माणूस चालत घरी आला. त्या दिवसापासून मी कुणाला मास्तरांच्या छत्रीवर हसू दिलं नाही.

मास्तर स्वतःबद्दल कधी बोलत नाहीत. एकदाच बोलले. त्यांच्या बीबी गावी वारल्या तेव्हा. पत्र बोटीने आलं, तोवर मातीसुद्धा सुकली असेल. माझ्या बाकावर बसले होते. मी पेज दिली. म्हणाले, "भाबी, ती रोज विचारायची, कालवण कसं झालंय? मी म्हणायचो, ठीक आहे. तीस वर्षं ठीक आहे. फार चांगलं करायची हो." एवढंच. पेज संपवली, पैसे ठेवले आणि गेले. शुक्रवारी वर्ग घेतला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की ह्या माणसाला दुसऱ्यांसाठी सगळे शब्द येतात.

जुना साहेब विलायतेला परत गेला आणि नवीन आला. हा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. नियमाचा आहे. त्याला गोदामाची प्रत्येक खोली मोजायची होती. मी मजुरांचं जेवण घेऊन गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच त्याने मास्तरांना विचारलं, ही मागची खोली शुक्रवारी कशाला उघडता? ह्या वर्गाचा फायदा काय? कंपनीला काय, लोकांना काय?

मला वाटलं, आता मास्तर सुरू होणार. आता ह्या साहेबाला कळेल. मी टोप खाली ठेवला आणि ऐकायला उभी राहिले.

मास्तरांनी हात जोडले. "नथिंग, सर. ओन्ली पासिंग टाइम, सर."

"मास्तर!" मी तिथेच ओरडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबाने कागदावर लिहून घेतलं. कासमभाईंचं घेतलं होतं तसंच. खोलीला कुलूप लागलं. आणि मग साहेबाने वय बघितलं. साठ होतायत, काम काय करतात तर गोदामाच्या याद्या, त्या तरुण माणूसही करील. वर्ग कामाचा असता तर गोष्ट वेगळी, असं तो स्वतः म्हणाला. ईदनंतरची बोट.

आपण गप्प बसलो नाही, हे इथे लिहिलं पाहिजे. आपण सगळे साहेबाकडे गेलो. शिंपी, वॉचमन, खलाशी. कासमभाई अबुधाबीहून ट्रकच्या मागे बसून वाळूतून आले. डोळे लाल, कपड्यात मूठभर रेती. साहेबाने आत बोलावलं, चहासुद्धा मागवला. एकेकाने उभं राहून सांगितलं. मी सांगितलं, ह्या माणसाचा वर्ग वर्थवाइल आहे, आमची मेस त्याच्यावर उभी आहे. कासमभाई म्हणाले, मी ह्या वर्गाच्या आधी बोललो, म्हणून माझी शेड गेली. वर्ग आधी असता तर शेड असती. इतकं सरळ इंग्लिश मी कासमभाईंच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. अबुधाबीत शिकले असतील, किंवा रागाने आलं असेल.

साहेबाने सगळं ऐकलं. मग विचारलं, "तुम्ही सगळे म्हणता तसं असेल, तर हे गृहस्थ स्वतः तसं का म्हणाले नाहीत? ह्यांचं इंग्लिश तर तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे."

नजर म्हणजे काय, हे इंग्लिशमध्ये कसं सांगायचं? बरकत झाकायची असते, लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, ते कुठल्या शब्दात घालायचं? मास्तरांनी आम्हाला मिळकतीचे सगळे शब्द शिकवले होते, लाजेचा एकही नाही. कासमभाई एवढंच म्हणाले, "हिज हॅबिट, सर." साहेबाने मान हलवली आणि फाईल मिटली. खलास.

बाहेर पडल्यावर मी तडक मास्तरांच्या खोलीवर गेले. ते ट्रंकेत कपडे लावत होते.

"मास्तर, तुमच्या जिभेला त्या दिवशी काय झालं होतं?"

"बसा, भाबी."

"बसायला नाही आले. सगळ्या देऱ्याला बोलायला शिकवलंत आणि तुमची पाळी आली तेव्हा नथिंग?"

त्यांनी हातातला सदरा घडी घालून ट्रंकेत ठेवला. मग म्हणाले, "लहानपणी मी काही चांगलं केलं आणि बोलायला गेलो की आई तोंडावर हात ठेवायची. मायेनेच. तुमच्याबद्दल बोलताना तो हात नसतो, भाबी. माझ्याबद्दल बोलायला गेलं की येतो."

मग मी खाली बसले आणि उरलेल्या सदऱ्यांच्या घड्या घालायला लागले.

आता आपल्या मंडळींना सांगते. शुक्रवारी माझ्या खानावळीत मास्तरांचा गौरव आहे. अबुधाबीवाल्यांनी ट्रक पकडून यायचं. येऊन "आम्ही काय बोलणार, आमची काय लायकी" असलं कुणी बोललं तर मी त्याला जेवायला वाढणार नाही. उभं राहायचं आणि मास्तरांमुळे आपलं काय झालं ते तोंडावर सांगायचं. इंग्लिशमध्ये सांगा, मराठीत सांगा, कोकणीत सांगा. मास्तरांनी मध्ये हात जोडले तरी थांबायचं नाही. साहेबाकडे आपण हरलो. बोट टळणार नाही. वर्ग पुन्हा सुरू होईल असंही मला वाटत नाही, कारण तो घेणारं दुसरं कुणी इथे नाही. पण निदान त्या माणसाने जायच्या आधी एकदा ऐकून जावं.

आणि मास्तर, तुम्ही. गावी तुम्ही कुलूप काढून रिकाम्या घरात जाल. ओट्यावर कुणीतरी येऊन विचारील, एवढी वर्षं दुबईला होतात, काय केलंत तिथे? तुम्ही म्हणाल, काही नाही. मला माहीत आहे तुम्ही तेच म्हणाल. म्हणू नका. हा अंक त्याच्या हातात द्या आणि आत चहा टाकायला जा. तुम्ही परत येईपर्यंत त्याचं वाचून होईल.

अल्ला तुम्हाला भरपूर उमर देवो. गुडघे चालते राहोत, डोळे दिसते राहोत, पोटात अन्न राहो. रोज संध्याकाळी ओट्यावर कुणीतरी येवो. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल, पण तो बसून राहो.